तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टर वार्गासांची निवडणूक

मी स्पॅनिश शिकवतो. त्यामुळे वर्गात, लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगनंतर जिन्यात, कुठेही व्हेनेझुएलाची बातमी निघाली की एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, त्या देशांत निवडणुका कधी धड झाल्यात का हो? सगळे लष्करशहाच ना?" माझे विद्यार्थी त्याच्या पुढचं विचारतात. "मग ती 1834 ची निवडणूक तुम्ही दर बॅचला का घेऊन बसता? निवडून आलेले डॉक्टर तर वर्षभरात सोडून गेले."

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच आहे, आणि ते जिन्यात उभ्याउभ्या देण्यासारखं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

व्हेनेझुएला 1830 मध्ये वेगळा देश झाला. त्याआधी तो, स्पेनच्या सत्तेविरुद्ध लढलेल्या सेनापती सिमोन बोलिवारने उभारलेल्या, मोठ्या कोलंबियाचा भाग होता. त्यातून तो फुटून निघाला, आणि त्याच वर्षी 17 डिसेंबरला बोलिवार सांता मार्ताजवळ वारला. स्पेनने या देशाला मान्यता दिली ती थेट 1845 मध्ये. म्हणजे मी ज्या निवडणुकीबद्दल बोलतोय ती झाली तेव्हा जुन्या मालकाच्या कागदावर हा देश अस्तित्वातच नव्हता. देशात कोण कोण होतं? स्वातंत्र्ययुद्ध लढलेले सेनापती, त्यांच्या हाताखालचे अधिकारी, पगार थकलेले शिपाई, कॉफी आणि कोको पिकवणारे जमीनदार, राजधानी काराकासचे व्यापारी, आणि या सगळ्यांच्या खाली गुलाम आणि मजूर.

या सगळ्यांत एकाचा शब्द चालायचा. होसे आंतोनियो पाएस. मैदानी मुलखातला, घोड्यावर वाढलेला, अक्षरओळख उशिरा झालेला माणूस. 1821 च्या काराबोबोच्या लढाईत त्याच्या भालाईतांनी जे केलं त्यावर पुढे त्याची सगळी पुण्याई उभी होती. कोलंबियातून फुटण्याच्या चळवळीचं नेतृत्व त्याच्याकडे होतं आणि 1831 मध्ये तोच अध्यक्ष झाला. नवीन देश, लोकप्रिय सेनापती, हाताशी फौज. अशा माणसाने खुर्ची सोडली नाही, तर त्याला उठवणार कोण?

पण 1830 च्या राज्यघटनेत लिहिलं होतं की अध्यक्षाची मुदत चार वर्षं आणि लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येणार नाही. पाएसची मुदत 1835 च्या जानेवारीत संपत होती. निवडणूक आली.

ही निवडणूक आजच्या अर्थाने लोकांची नव्हती, हे आधीच सांगायला हवं. मी वर्गात घटनेचं ते कलम फळ्यावर लिहून काढतो, कारण ते वाचल्यावर त्या काळचा समाज समोर उभा राहतो. मतदार व्हायचं तर पुरुषाने विवाहित तरी असावं किंवा 21 वर्षांवरचा तरी. त्याला लिहितावाचता यावं, पण ही अट कायद्याने वेळ ठरवून देईपर्यंत तहकूब. शिवाय वर्षाला 50 पेसो उत्पन्न देणारी स्थावर मालमत्ता हवी, नाहीतर 100 पेसो मिळवून देणारा धंदा किंवा हुन्नर, नाहीतर 150 पेसोंचा पगार. आणि धंदा हुन्नराच्या बाबतीत एक पुरवणी: तो माणूस दुसऱ्याच्या घरचा नोकर नसावा. एवढं सगळं असून त्याला अध्यक्ष निवडता येत नसे. त्याने निवडायचे ते निर्वाचक, आणि निर्वाचकाच्या अटी आणखी चढ्या: वय 25, मालमत्तेचं उत्पन्न 200 पेसो. हे निर्वाचक प्रांताप्रांतात जमून अध्यक्षासाठी मत देणार. कोणाला दोन-तृतीयांश मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या तिघांतून काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, एकाची निवड करणार.

बायका नाहीत, गुलाम नाहीत, घरगडी नाहीत. मतपेटीपर्यंत पोचणारा समाज चिमूटभर होता. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण तो सोडून या गोष्टीचं नुसतं कौतुक करणं मला जमत नाही.

उमेदवारांत सेनापतींचीच नावं पुढे असणार हे उघड होतं. कार्लोस सुब्लेत हा पाएसच्या पसंतीचा: शिस्तीचा, कारभारात मुरलेला. सांतियागो मारिन्यो हा पूर्वेकडच्या प्रांतांचा मुक्तिदाता. त्याच्या मागे जुने लष्करी अधिकारी. बार्तोलोमे सालोम हाही सेनापती, दिएगो बाउतिस्ता उर्बानेहा हा कायद्याचा माणूस. आणि काराकासच्या व्यापाऱ्यांनी, जमीनदारांनी, वकील-प्राध्यापकांनी एक वेगळंच नाव पुढे केलं: डॉक्टर होसे मारिया वार्गास.

वार्गासांबद्दल बोलायला लागलो की माझा तास संपतो, तरी थोडं सांगतोच. जन्म 1786 चा, ला ग्वायरा बंदरातला. काराकासच्या विद्यापीठात वैद्यक शिकले. स्वातंत्र्याच्या पहिल्या उठावात भाग घेतला म्हणून स्पॅनिशांनी ला ग्वायराच्याच तुरुंगात टाकलं. सुटल्यावर एडिंबराला गेले, शरीररचना आणि शस्त्रक्रिया शिकले, मग काही वर्षं प्वेर्तो रिकोत डॉक्टरकी केली. 1825 मध्ये परत आले तेव्हा लढाया संपल्या होत्या. बाकीचे लोक युद्धातल्या जखमा दाखवत होते, आणि हे शवविच्छेदन शिकवायला उभे राहिले.

1827 मध्ये बोलिवार शेवटचा काराकासला आला तेव्हा त्याने विद्यापीठाचे नियम नव्याने लिहिले. जुन्या नियमांत वैद्यकाच्या पदवीधराला कुलगुरू होता येत नसे. वर्ण आणि कूळ पाहून विद्यार्थ्यांना दरवाजा बंद करण्याचीही रीत होती. ती कलमं गेली आणि नव्या नियमांखालचे पहिले कुलगुरू झाले वार्गास. शल्यचिकित्सा आणि वनस्पतिशास्त्र ही त्यांची आवड; युरोपातल्या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार. बोलिवारने मृत्युपत्रात जे व्यवस्थापक नेमले त्यांत यांचंही नाव आहे. 1830 च्या काँग्रेसमध्ये बोलिवारच्या नावाने शिमगा चालला होता, तेव्हा त्याची बाजू घेणाऱ्या मोजक्यांपैकी हे एक.

अशा माणसाला उभं केलं, आणि त्यांनी निर्वाचकांना पत्र लिहून कळवलं: मला मत देऊ नका.

ते पत्र मी आवर्जून वाचायला देतो. त्यात लाजणं नाही, खोटा विनय नाही. त्यांचं म्हणणं सरळ आहे: या देशात राज्य चालवायला कायद्याच्या जोडीला एक नैतिक वजन लागतं, ते युद्धातल्या मोठ्या कामगिरीतून आणि तिथे जुळलेल्या संबंधांतून येतं, आणि ते माझ्यापाशी नाही. उत्तम डॉक्टराने रोग्याची नाडी पाहून सांगावं तसं त्यांनी देशाचं निदान सांगून टाकलं होतं. आणि निदान तंतोतंत खरं निघालं.

निर्वाचकांनी ऐकलं नाही. पहिल्या क्रमांकाची मतं वार्गासांना, त्यांच्या मागे सुब्लेत, मग मारिन्यो. दोन-तृतीयांश कोणालाच नाहीत. प्रकरण काँग्रेसकडे गेलं.

आता इथे जरा थांबतो, कारण ज्या गोष्टीसाठी मी ही निवडणूक शिकवतो तिची पहिली खूण इथे दिसते. 20 जानेवारी 1835 ला पाएसची मुदत संपली. त्याचा पसंतीचा माणूस मागे पडला होता. नवा अध्यक्ष अजून ठरलेला नव्हता, म्हणजे रेंगाळायला सबबही आयती होती: "देश नेत्यावाचून कसा ठेवू?" ही सबब त्या खंडात आणि खंडाबाहेर किती जणांनी वापरली आहे! पाएसने ती वापरली नाही. उपाध्यक्ष आंद्रेस नार्वार्ते याच्या हाती कारभार दिला आणि तो आपल्या गुराढोरांत, सान पाब्लोला निघून गेला. 6 फेब्रुवारीला काँग्रेसने वार्गासांची निवड केली, 9 फेब्रुवारीला त्यांनी शपथ घेतली. देशाचे पहिले बिगर-लष्करी निर्वाचित अध्यक्ष.

सेनापतींना हे पचलं नाही. आणि त्यांची बाजू नुसती हावरेपणाची होती असं मी शिकवत नाही. ज्यांनी दहा-बारा वर्षं रक्त सांडलं त्यांना वाटत होतं की देश आम्ही मिळवला आणि आता तराजू धरून बसलेले लोक तो चालवणार. त्यांचे लष्करी विशेषाधिकार नव्या घटनेने कापले होते. 10 एप्रिल 1834 च्या कायद्याने व्याजाचा दर मोकळा सोडला होता, सावकाराला रान मोकळं झालं होतं, आणि तोच सावकार वर्ग डॉक्टरांच्या मागे उभा होता. हा राग खरा होता. पण त्या रागावर त्यांनी जो उपाय केला तो राग विझवणारा नव्हता, तो देशच पेटवणारा होता.

8 जुलै 1835 च्या पहाटे आंसोआतेगी पलटणीने काराकासमध्ये उठाव केला. अध्यक्षांच्या घराला वेढा पडला. पुढे होता पेद्रो कारुहो. हा तोच कारुहो, ज्याने 1828 च्या सप्टेंबरात बोगोतामध्ये बोलिवारच्या खुनाच्या कटात भाग घेतला होता आणि त्या रात्री बोलिवारचा सहायक कर्नल फर्ग्युसन याला गोळी घातली होती. असा माणूस हातात शस्त्र घेऊन डॉक्टरांच्या घरात आला आणि राजीनामा मागू लागला.

त्या घरात जे बोलणं झालं ते व्हेनेझुएलातली शाळकरी मुलंही सांगतात. शब्द सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात, गाभा तोच राहतो. कारुहो म्हणाला, जग शूरांचं असतं. वार्गास म्हणाले, नाही, जग न्यायी माणसाचं असतं.

लोक इथेच थांबतात. हे वाक्य सुंदर आहे, भिंतीवर रंगवण्यासारखं आहे, म्हणून ते लक्षात राहतं. मला त्याच संवादातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. कारुहोने एक युक्तिवाद केला होता आणि तो बिनतोड वाटेल असा होता. तो म्हणाला, हक्क घडलेल्या गोष्टींतून जन्मतात. तुम्ही ज्या सरकारचे प्रमुख आहात तेही एका क्रांतीतूनच आलं. आजची क्रांती उद्या दुसरं सरकार आणील आणि परवा लोक त्यालाच कायदेशीर म्हणतील. विचार करून बघा, याला उत्तर काय देणार? स्पेनविरुद्ध बंड केलं तेव्हा कुठल्या कायद्याने केलं होतं? कोलंबियातून फुटलात ते कोणाच्या परवानगीने?

वार्गासांनी दिलेलं उत्तर असं होतं की हे सरकार केवळ घडून गेलं म्हणून उभं नाही. राष्ट्राने आपल्या प्रतिनिधींमार्फत स्वतःची घटना बनवली आणि तिच्याप्रमाणे हे सरकार नेमलं. म्हणजे सुरुवात कशीही झालेली असो, एकदा आपण सगळ्यांनी मिळून नियम लिहिला की त्यानंतर तलवारीचा हक्क संपला. घराला वेढा पडलेला आहे, समोर खुनाच्या कटातला माणूस आहे, आणि हे गृहस्थ कायद्याचा उगम कुठे होतो यावर बोलत आहेत! मला हे वाचताना दर वेळी भरून येतं. मी ते लपवत नाही, मुलांनाही दिसतं.

राजीनामा त्यांनी दिला नाही. उलट नजरकैदेतच शासन परिषदेची बैठक घेतली आणि ठराव केला: घटनेच्या रक्षणासाठी फौज उभारायचा अधिकार जनरल पाएसला देण्यात येत आहे. तो कागद बाहेर गेला. मग वार्गास आणि नार्वार्ते दोघांनाही ला ग्वायराला नेऊन गलबतावर चढवलं आणि डेन्मार्कच्या ताब्यातल्या सेंट थॉमस बेटावर पाठवून दिलं. ज्या बंदरात वार्गास जन्मले, ज्या बंदरात स्पॅनिशांनी त्यांना कोंडलं, तिथूनच त्यांच्या स्वतःच्या देशाच्या सैनिकांनी त्यांना हाकललं.

काराकासमध्ये मारिन्योच्या नावाने नवा कारभार जाहीर झाला. बंडवाल्यांनी त्याला 'सुधारणा' म्हटलं, इतिहासातही हे बंड त्याच नावाने ओळखलं जातं. नावं मोठी होती: मारिन्यो, दिएगो इबार्रा, पेद्रो ब्रिसेन्यो मेंदेस, पेरू दे लाक्रुआ. यातले कित्येक बोलिवारच्या जवळचे.

आणि मग सगळ्यांच्या नजरा सान पाब्लोकडे लागल्या. दोन्ही बाजूंचे निरोप पाएसकडे पोचत होते. बंडवाल्यांना तो आपल्यात यावा असं वाटत होतं, आणि का वाटू नये? तेही सैनिक, तोही सैनिक. डॉक्टर त्याचे उमेदवार नव्हतेच. त्याने नुसतं हातावर हात ठेवून बसायचं ठरवलं असतं, तरी वार्गासांचं राज्य संपलं होतं. आणि थोडी वाट पाहिली असती तर दोन्ही बाजूंनी त्यालाच येऊन खुर्ची दिली असती.

पाएस घोड्यावर बसला तो परिषदेचा कागद मानून. वाटेत माणसं जमवत, समोर पाठवलेल्या तुकड्या आपल्या बाजूला वळवत त्याने 28 जुलैला काराकास गाठलं. बंडवाले तोवर शहर सोडून गेले होते. आता राजधानी त्याच्या हातात, अध्यक्ष समुद्रापलीकडे, उपाध्यक्षही समुद्रापलीकडे.

तेव्हा त्याने काय केलं हे मी मुलांना हळू सांगतो, कारण पुस्तकांत ते एका ओळीत उरकतं. घटनेप्रमाणे अध्यक्ष-उपाध्यक्ष दोघेही नसतील तर कारभार शासन परिषदेच्या उपाध्यक्षाकडे जातो. ते होते जनरल होसे मारिया कार्रेन्यो. पाएसने कार्रेन्योंना खुर्चीवर बसवलं, सेंट थॉमसला माणसं पाठवून वार्गासांना आणायची व्यवस्था केली, आणि स्वतः बंडवाल्यांच्या मागे निघाला. 20 ऑगस्टला वार्गास पुन्हा काराकासला येऊन अध्यक्षपदावर बसले.

तुम्ही विचारता ना, तिथे निवडणूक कधी धड झाली का? माझ्या मते निवडणूक धड झाली की नाही हे मतमोजणीच्या दिवशी कळत नाही. ती उलटवण्याची ताकद ज्याच्यात आहे तो त्या ताकदीचं काय करतो यावर ते ठरतं. 1835 च्या त्या तीन आठवड्यांत ती ताकद एकाच माणसाकडे होती. तो स्वतः त्या निवडणुकीत हरल्यासारखाच होता. आणि त्याने निकाल राखला. वार्गासांचं न्यायी माणसाबद्दलचं वाक्य पोकळ ठरलं नाही, त्याला कारण हा मैदानातला घोडेस्वार आहे. म्हणून दोघांना मी एकत्र शिकवतो. एकाला संत आणि दुसऱ्याला पहारेकरी करून टाकलं की गोष्ट हातची जाते.

आता तुमचा दुसरा प्रश्न: मग डॉक्टर सोडून का गेले?

बंड लगेच संपलं नाही. पूर्वेला होसे तादेओ मोनागास उभा होता, आणि त्याच्याशी लढत बसण्याऐवजी पाएसने नोव्हेंबरच्या सुरुवातीला पिरिताल इथे माफीचा हुकूम काढला: शस्त्रं ठेवा, जीव, मालमत्ता आणि हुद्दा राखला जाईल. त्यावर काराकासमध्ये गदारोळ झाला. निवडून आलेल्या अध्यक्षाला गलबतावर चढवणाऱ्यांचे हुद्देसुद्धा राखायचे? काँग्रेसमध्ये कडक शिक्षेची मागणी करणारे पुष्कळ होते. इकडे कारुहो लढाईत जखमी होऊन 1836 च्या जानेवारीत मेला. प्वेर्तो काबेयोचा किल्ला 1 मार्चला शरण आला आणि बंड मोडलं. शिक्षा किती द्यायची आणि कोणी ठरवायची, हा वाद मात्र चिघळत राहिला.

वार्गासांनी आधीही राजीनामे दिले होते, काँग्रेसने ते फेटाळले होते. 1836 च्या एप्रिलमधला राजीनामा मात्र स्वीकारला गेला. पुढची मुदत नार्वार्ते, मग कार्रेन्यो, मग सुब्लेत अशी घटनेतल्या क्रमाने भरली गेली.

"हरले" असं मुलं म्हणतात. मी नाही म्हणत. बंदुकीसमोर जो राजीनामा त्यांनी नाकारला, तोच नऊ महिन्यांनी आपल्या मर्जीने, काँग्रेसला, लेखी दिला. या दोहोंतला फरक ज्याला कळला त्याला ही निवडणूक कळली. पण हेही खरं की त्यांना राज्य चालवता आलं नाही. त्यांना पदावर परत आणलं पाएसने, शरण आलेल्यांना अभय दिलं पाएसने, लोक ज्याच्याकडे बघत होते तो पाएस. काँग्रेसने त्याला 'थोर नागरिक' अशी पदवी दिली होती. डॉक्टरांनी पत्रात लिहिलं होतं तेच झालं: वजन त्यांच्यापाशी नव्हतं. एका माणसाच्या शब्दावर घटना तरली, म्हणजे ती त्या माणसाएवढीच मजबूत होती.

पाएसच्या माफीबद्दल माझं मत वर्षानुवर्षं एकच आहे: ती चुकीची होती. लढाई थांबवायला अभय देणं समजू शकतो. हुद्दे परत करणं नाही. याचा पुरावा पुढच्या काळानेच दिला. पिरितालला माफी मिळालेला मोनागास 1847 मध्ये अध्यक्ष झाला, तोही पाएसच्याच पाठिंब्याने. आणि 24 जानेवारी 1848 ला त्याच्या समर्थकांच्या जमावाने काँग्रेसवर हल्ला केला, त्यात खासदार मारले गेले. पाएस पुन्हा एकदा घटनेसाठी घोड्यावर बसला. या वेळी हरला, तुरुंगात गेला, देशाबाहेर गेला. वार्गासांना पकडायला गेलेल्या बंडातला आणखी एक तरुण अधिकारी, हुलिआन कास्त्रो, 1858 मध्ये सत्ता घेऊन अध्यक्ष झाला. 1835 मध्ये ज्यांना समजलं की अशा कामाची किंमत मोजावी लागत नाही, ते परत आले.

तरीही मधली वर्षं विसरू नका. 1837 ला सुब्लेत, 1839 ला पुन्हा पाएस, 1843 ला पुन्हा सुब्लेत, 1847 ला मोनागास. मोनागास येईपर्यंत प्रत्येकाने मुदत संपल्यावर पद सोडलं. शेजारच्या देशांत त्या काळात काय चाललं होतं हे पाहिलं की ही बारा वर्षं किती दुर्मीळ होती ते कळतं. ती कशामुळे मिळाली, तर जुलै 1835 मध्ये एक बंड यशस्वी झालं नाही म्हणून.

वार्गास पुन्हा शिकवायला गेले. देशाच्या शिक्षण खात्याचं काम अनेक वर्षं त्यांच्याकडे होतं. 1842 मध्ये बोलिवारच्या अस्थी सांता मार्ताहून काराकासला आणायचं ठरलं तेव्हा त्या मंडळाचे प्रमुख तेच होते. मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने बारा वर्षांनी आपलं काम पुरं केलं. काराकासचं मोठं जुनं रुग्णालय त्यांच्या नावाचं आहे आणि त्यांचा जन्मदिवस, 10 मार्च, व्हेनेझुएलात डॉक्टरांचा दिवस म्हणून पाळतात. ज्या किनारी राज्याला त्यांचं नाव होतं ते 1999 च्या डिसेंबरातल्या भीषण दरडी आणि पुरामुळे जगभर बातम्यांत आलं. 2019 मध्ये त्या राज्याचं नाव बदलून ला ग्वायरा केलं गेलं.

आणि आता तो मागे ठेवलेला मुद्दा. माझ्या एका विद्यार्थिनीने वर्गात उभं राहून विचारलं होतं, "सर, 50 पेसोवाल्यांनी निवडलेला माणूस 50 पेसोवाल्यांनीच परत आणला, यात बाकीच्यांचं काय?" हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला गोड उत्तर नाही. 1834 मध्ये ज्यांना मत नव्हतं त्यांच्यासाठी वार्गासांच्या सरकारने काही बदललं नाही, पाएसच्याही नाही. मुक्तीचे कायदे होते, पण ते मुंगीच्या पावलांनी चालत होते. 1830 च्या काँग्रेसने तर गुलामाच्या मुलाला मोकळं व्हायचं वय 18 वरून 21 वर नेऊन ठेवलं होतं. गुलामगिरी कायद्याने संपली 24 मार्च 1854 ला, आणि ती संपवणारा अध्यक्ष होता होसे ग्रेगोरियो मोनागास. काँग्रेसवर हल्ला झाला तेव्हा सत्तेवर असलेल्या मोनागासचा सख्खा भाऊ.

त्याच वर्षी 13 जुलैला वार्गास न्यूयॉर्कमध्ये वारले. उपचारांसाठी ते अमेरिकेत गेले होते. घटना पाळणाऱ्यांनी माणसं मोकळी केली नाहीत, आणि घटना तुडवणाऱ्या घराण्याने केली. मी त्या मुलीला सांगितलं की यातलं एकही वाक्य खोडून दुसरं मोठं करता येणार नाही. कारुहोला दिलेलं उत्तर बरोबरच होतं: नियम सगळ्यांनी मिळून लिहिला की तलवारीचा हक्क संपतो. त्यातला 'सगळ्यांनी' हा भाग त्या देशात लिहायचा राहिला होता. सर्व प्रौढ पुरुषांना मत मिळायला 1858 ची घटना यावी लागली, आणि स्त्रियांना तर 1946 ची संविधान सभेची निवडणूक.